गळाच्या काठीवरचं रेशीम

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते दोऱ्याबद्दल. मासे धरायच्या काठीवर, म्हणजे रॉडवर, ओळीने कड्या असतात आणि त्यांतून गळाची दोर टोकापर्यंत जाते. त्या कड्या काठीला खिळ्याने ठोकलेल्या नसतात. दोऱ्याचे शेजारी शेजारी घट्ट बसलेले वेढे त्यांना धरून ठेवतात. माशाने ओढ घेतली की काठी वाकते आणि तिच्याबरोबर दोराही वाकतो. तिथे खिळा असता तर काठी नेमकी त्याच जागी मोडली असती.

माझ्याकडची, मी नव्याने बांधायला घेतलेली काठी पुण्याच्या जुन्या बाजारातली. तीन तुकडे, पितळी सांधे, वार्निशचे पोपडे निघालेले, आणि बनवणाऱ्याचं नाव केव्हाच पुसलेलं. मुठीजवळच्या पहिल्या कडीत मात्र अकीक शाबूत होता. ओली दोर घासून घासून धातूला चरे पडतात, म्हणून जुने इंग्रज कारागीर पहिल्या आणि शेवटच्या कडीत हा गुळगुळीत दगड बसवत. अशी काठी पुण्यात सापडावी यात नवल नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या महसीर या गळाच्या शौकिनांच्या लाडक्या माशाची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या नदीकडे पाहून हे कुणाला खरं वाटणार नाही, तो भाग वेगळा.

काठी बांबूची, पण अख्ख्या बांबूची नव्हे. बांबू उभा चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासतात आणि प्रत्येकीची टणक पाठ बाहेर येईल अशा बेताने एकमेकींना चिकटवतात. त्यातून षट्कोनी काठी तयार होते. एकोणिसाव्या शतकात या कामासाठी आपल्याकडचा बांबू कलकत्त्याच्या बंदरातून परदेशी जाई. त्याच्या अंगावर आगीने भाजल्याचे डाग असत, आणि तिकडे त्याला ‘कलकत्ता केन’च म्हणत. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला टोंकिन बांबू आला आणि कलकत्त्याचं नाव मागे पडलं. माझ्या काठीवर डाग नाहीत, म्हणजे ती बहुधा चिनी बांबूचीच.

तर या काठीवर, कड्या सोडून मधल्या मोकळ्या जागेतही, इंचाइंचावर रेशमाच्या बारीक पट्ट्या बांधलेल्या होत्या. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण त्या काळातला सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. ओल लागली की तो मऊ पडायचा. पाण्याकाठी वापरायच्या वस्तूला पाणीच वैरी! सहा पट्ट्या फाकू नयेत म्हणून ही बांधणी असायची. विसाव्या शतकात कृत्रिम राळेचे पक्के सरस आले आणि तिची गरज संपली. तरीही काही कारागीर ती करत राहिले, कारण गिऱ्हाइकाच्या डोळ्याला सवय झाली होती. गरजेची गोष्ट शोभेची कशी होते, ते मला या पट्ट्या सोडवताना कळलं.

आता दोरा. बाजारात नायलॉनचा मिळतो. ‘ए’ बारीक, ‘डी’ जाड. जुन्या काठीला मात्र रेशीमच हवं, असं माझं ठाम मत. ते मी आणलं एका पटवेकऱ्याकडून. मंगळसूत्र, ठुशी, मोत्यांचे सर रेशमात गाठवून देणारे हे लोक. दुकानातल्या आजोबांनी काठी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, “हे गाठवायचंय?” मी हो म्हटल्यावर त्यांनी सर्वांत बारीक रेशीम काढून दिलं आणि म्हणाले, “दोरा ओढत बसू नका. दोरा धरायचा, काठी फिरवायची.”

सगळी विद्या या एका वाक्यात आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन बाजूंनी खाचा पाडून त्यांवर काठी आडवी ठेवायची. रीळ कपात ठेवायचं आणि दोरा एखाद्या जाडजूड शब्दकोशाच्या पानांमधून ओढून घ्यायचा. पुस्तकाच्या वजनाने ताण एकसारखा राहतो. कडीचा पाय, म्हणजे तिचा काठीला टेकणारा भाग, आधी कानशीने घासून टोकाला पातळ करायचा, नाहीतर दोरा त्यावर चढताना फट पडते. पहिले वेढे दोऱ्याच्याच सुट्या टोकावरून घेतले की ते टोक आपोआप अडकतं. शेवटचे सहा-सात वेढे राहिले की खाली वेगळ्या दोऱ्याचा एक फासा ठेवायचा, त्यावरून वेढे पुरे करायचे, उरलेलं टोक फाशात ओवायचं आणि फासा झटक्यात ओढायचा. टोक वेढ्यांखाली गडप! गाठ कुठेच नाही. मग चमच्याच्या पाठीने वेढे घोटायचे. आणि ताण किती? बांधून झाल्यावरही अंगठ्याने कडी जराशी सरकवता आली पाहिजे, म्हणजे सगळ्या कड्या एका रेषेत आणता येतात.

शोभेचं काम इथून पुढे सुरू होतं. सर्वांत साधी म्हणजे काठाची रेघ. हिरव्या बांधणीच्या टोकाला लाल दोऱ्याचे तीन-चारच वेढे. त्याहून अवघड ती चौकटींची नक्षी. मुठीच्या वर, काठीच्या समोरच्या आणि मागच्या अंगाला एकेक सरळ रेघ आखायची. दोरा तिरका चढवत न्यायचा, तसाच उलट्या दिशेने उतरवायचा, आणि दर फुलीचं छेदन बरोबर त्या रेघेवर आणायचं. मग त्या फुल्यांच्या दोन्ही बाजूंना रंग बदलत एकेक दोरा वाढवत जायचं, की एकात एक बसलेले शंकरपाळे उमटतात. दोरा एकाच बाजूला वाढवला तर बाणाची टोकं होतात. यात कौशल्य आहे ते अंतर राखण्यात. एक फुली केसभर घसरली की ती चूक पुढच्या प्रत्येक रंगाबरोबर रुंद होत जाते.

हे शंकरपाळे मी झाडूच्या दांड्यावर शिकलो आणि तिथेच ठेवले. फायबर ग्लासच्या जाड, एकरंगी काठीला ते खुलून दिसतात. बांबूला स्वतःच्या रेषा आहेत, पेरं आहेत. त्यावर एवढं रंगकाम म्हणजे पैठणीवर ठिगळ. काठीवर मी फक्त लाल रेघ घेतली.

एक गंमत सांगायची राहिली. रेशमावर थेट वार्निश दिलं की ते पारदर्शक होतं. पिवळं रेशीम जवळजवळ नाहीसं होतं, त्याच्या आडून कडीचा पाय आणि बांबू दिसायला लागतो. लाल गडद, तपकिरीकडे झुकतो. रंग जसाच्या तसा हवा असेल, तर आधी रंग राखणाऱ्या द्रवाचा पातळ हात द्यावा लागतो. मी तो दिला नाही. जुन्या काठीवर सोडवण्याआधी पाहिलेला रंग असाच बुडालेला होता.

वार्निशचे हात पातळ द्या, दोन हातांमध्ये पुरतं वाळू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका. हवेतल्या दमटपणाने वार्निश वाळायला फार वेळ घेतं. आणि ते ओलं असेपर्यंत घरात कुणालाही केर काढू देऊ नका.

नमस्कार.