कार्टूनचा सिनेमा होतो तेव्हा

नमस्कार मंडळी! आज जरा पोरांच्या विषयावर बोलूया, म्हणजे तसा तो आपलाही आहेच, कारण थिएटरात त्यांना घेऊन जाणारे आपण आणि ऐन फायटिंगच्या वेळी "बाथरूमला जायचंय" म्हटलं की अंधारात धडपडत बाहेर नेणारेही आपणच. तर विषय असा, की टीव्हीवर रोज लागणारं साहसाचं कार्टून मोठ्या पडद्यावर येतं तेव्हा त्याचं नक्की काय होतं?

कार्टूनचा एक ठरलेला हिशोब असतो बघा. डोंगर कोसळू दे, राक्षस येऊ दे, एपिसोड संपला की सगळं जागच्या जागी. उद्याचा भाग आज बघितला तरी काही बिघडत नाही. सिनेमात हे चालत नाही हो, दीड तास बसवून ठेवायचं तर कुणाचं तरी काहीतरी खरंच बदलायला हवं, आणि तिथेच भल्याभल्यांची गडबड होते.

ट्रान्सफॉर्मर्स घ्या. नंतरचे ते खऱ्या गाड्यांची मोडतोड करणारे नाही म्हणत मी, १९८६ चा अ‍ॅनिमेशनवाला. त्यात त्यांनी चक्क ऑप्टिमस प्राइमला मारून टाकला! म्हणजे मेन हिरोच, आणि तोही सिनेमा अर्धा व्हायच्या आत. कारण काय, तर खेळण्यांची नवीन सिरीज बाजारात आणायची होती, मग जुनी पात्रं हटवा. पण पोरांसाठी तो काय दुकानातला जुना माल होता का? थिएटरात रडारड झाली, पालक चिडले, शेवटी पुढच्याच वर्षी टीव्हीवर त्याला परत जिवंत करावं लागलं. आणि गंमत म्हणजे त्याच खेळण्यांच्या कंपनीच्या जी.आय. जो ह्या सैनिकांच्या कार्टूनच्या सिनेमात त्यांचा म्होरक्या ड्यूक मरणार होता, तर ह्या प्रकारानंतर घाईघाईत डायलॉग टाकला की तो कोमात गेलाय. चित्र मरणाचं आणि आवाज कोमाचा!

दुसऱ्या टोकाला २०१० चा द लास्ट एअरबेंडर, 'अवतार' ह्या कार्टून मालिकेवरचा. पहिल्या सीझनचे २० भाग, म्हणजे साडेसात तासांच्या आसपासचा ऐवज, तो कोंबला पावणेदोन तासांत. मूळ मालिकेतला आंग हा हसरा, टिवल्याबावल्या करणारा पोरगा, जगाचं ओझं डोक्यावर असूनही खेळायला पळणारा. सिनेमात घटना सगळ्या उरल्या आणि त्याचं हसू तेवढं कापलं गेलं, वर नावाचा उच्चारही बदलून "ऑन्ग" केला, ते तर फॅन्स अजून विसरले नाहीत.

डोराचं मात्र मला कौतुक वाटतं. कार्टूनमधल्या छोट्या डोराची सवय माहितीये ना, आपल्याकडे बघून प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघत थांबायचं? २०१९ च्या सिनेमात माणसांची डोरा आली, तर जेवणाच्या टेबलावर ती कॅमेऱ्याकडे बघून तेच करते आणि आईबाप चक्रावून बघतायत, ही बोलतेय कुणाशी! ज्या गोष्टीची लोक टिंगल करणार हे माहीत होतं ती त्यांनी स्वतःच आधी करून टाकली, मग मोकळे.

पण माझं मत विचाराल तर हे गणित सगळ्यात आधी कुणाला सुटलं असेल तर डोरेमॉनवाल्यांना. पहिला सिनेमा १९८० चा, नोबिता आणि डायनासोर. गॅजेट तीच, पोरं तीच, फक्त गल्लीतून उचलून सरळ डायनासोरच्या काळात नेली, जिथे हाक मारली तर यायला आई नाही. आणि तिथे जियान बदलतो. टीव्हीवर नोबिताला बदडणारा जियान! उडताना तो खाली पडायला लागतो तेव्हा नोबिता त्याचा हात धरतो आणि सोडत नाही, आणि पुढे अडचणीच्या वेळी जियान म्हणतो की मी नोबिताबरोबर चालत जाईन. शेवटी पिसुकेला, म्हणजे नोबिताने अंड्यातून वाढवलेल्या डायनासोरला, तिथेच सोडून यायचंय, आणि तो पाण्यातून मागे मागे येतोय... तिथे मी कितीही वेळा बघितलं तरी चष्मा पुसतो, लपवत नाही.

मग सिनेमा संपतो, टीव्हीवर पुढचा भाग लागतो आणि जियान परत नोबिताच्या मागे धावतोय मारायला. मी एकदा आमच्या पोरीला विचारलं, अगं हा तर सुधारला होता ना? तर म्हणते, "बाबा, ते त्यांचं ठरलंय, बाहेर गेल्यावर भांडायचं नाही."