नॅसॉ स्ट्रीटवरचा चष्मेवाला

(पडद्यावर: डब्लिनची नॅसॉ स्ट्रीट. एका बाजूला ट्रिनिटी कॉलेजचं आवार, समोर दुकानांची रांग.)

रोजचंच वर्तमानपत्र, पण आता ते जरा लांब धरावं लागतं. मग आणखी लांब. एक दिवस हातच पुरत नाही. आपल्याकडे या दुखण्याला आणि त्यावरच्या चष्म्यालाही एकच शब्द आहे : चाळिशी. एकोणिसाव्या शतकातल्या डब्लिनमध्ये चाळिशी लागली की ज्या दुकानांच्या पायऱ्या चढायच्या, त्यांतलं एक होतं 19, नॅसॉ स्ट्रीट. मालक, मॉरिस एलायस सॉलोमन्स. जन्म 1832.

सॉलोमन्स हे ज्यू घराणं. ते 1824 साली इंग्लंडहून डब्लिनला आलं. 1881 च्या जनगणनेतसुद्धा अख्ख्या आयर्लंडमध्ये ज्यू पाचशेच्या आतच होते. म्हणजे गिऱ्हाईक जवळपास सगळं परधर्मीय. आणि हा धंदा तर मोठा जवळिकीचा. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याजवळ जायचं, नाकावर फ्रेम नीट बसली का बघायचं, काडी कानामागे टोचत असेल तर काढून, किंचित वाकवून पुन्हा घालायची. इतकं जवळ माणूस विश्वासाशिवाय येऊ देत नाही.

मॉरिस वयात येत होते, तेव्हा हा धंदाच मुळापासून बदलत होता. त्याआधी चष्मा घेणं म्हणजे फेरीवाल्याच्या पेटीतले एकामागून एक डोळ्यांवर चढवून बघणं. त्यातल्या त्यात बरं दिसेल तो आपला! मग 1862 मध्ये हॉलंडच्या स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता काढला. वर मोठं अक्षर, खाली उतरत जाणाऱ्या बारीक ओळी. आजही आपण त्याच्यासमोर बसतो. नंबरही तेव्हा वेगळा असे. भिंग किती इंचांवर उजेड एकवटतं, तोच त्याचा नंबर. त्यामुळे 10 नंबरचं भिंग 40 नंबरच्या चौपट जोरदार! आपण आज सांगतो तो प्लस-मायनसचा हिशेब 1872 मध्ये मोनोये या फ्रेंच डॉक्टरांनी सुचवला.

(पडद्यावर: लाकडी पेटी. मखमलीच्या खाचांत उभी गोल भिंगं.)

अशा पेटीतून एकेक भिंग उचलायचं, खास फ्रेमच्या खाचेत सरकवायचं आणि विचारायचं, “आता बरं दिसतंय, की मघाशी?” मला या प्रश्नाचं फार अप्रूप वाटतं. उत्तर फक्त समोरच्यालाच ठाऊक असतं.

नॅसॉ स्ट्रीटवरून सरळ पुढे चालत गेलं की लिंकन प्लेस. तिथे सेंट मार्क्स हे नेत्ररुग्णालय होतं. ते 1844 साली सुरू केलं डॉक्टर विल्यम वाइल्ड यांनी, लेखक ऑस्कर वाइल्ड यांच्या वडिलांनी. पुढे 1897 मध्ये ते दुसऱ्या एका रुग्णालयात विलीन झालं आणि नवी इमारत उभी राहिली अ‍ॅडलेड रोडवर. त्याच रस्त्यावर 1892 मध्ये डब्लिनच्या ज्यूंचं मोठं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, उघडलं होतं.

मॉरिस यांच्या घरची पुढची पिढी तर थक्क करते. मुलगा बेथेल आयर्लंडसाठी दहा आंतरराष्ट्रीय रग्बी सामने खेळला आणि पुढे रोटुंडा या प्रख्यात प्रसूतिगृहाचा प्रमुख झाला. मुलगी एस्टेला चित्रकार. स्वातंत्र्ययुद्धात तिने भूमिगतांना आपल्या स्टुडिओत आसरा दिला. डोळ्यांचा धंदा करणाऱ्याच्या घरी चित्रकार जन्मावी, हे मला फार आवडतं.

स्वतः मॉरिस ऑस्ट्रिया-हंगेरी या तेव्हाच्या साम्राज्याचे मानद वाणिज्यदूतही होते. कचेरी कुठे? त्याच चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर.

(पडद्यावर: पहिल्या मजल्याची खिडकी.)

आयरिश लेखक जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ या कादंबरीची गोष्ट घडते डब्लिनमध्ये, 16 जून 1904 या एका दिवसात. व्हाइसरॉयची स्वारी रस्त्यावरून चालली आहे. गाड्यांच्या पलीकडून एक विक्षिप्त गृहस्थ लांब ढांगा टाकत चालला आहे, डोळ्याला एकच काच लावलेली. त्या काचेतून तो स्वारीकडे बघतच नाही. रोखून बघतो ते वाणिज्य दूतावासाच्या खिडकीकडे. खिडकीत दिसतं एक डोकं : एम. ई. सॉलोमन्स.

ती कादंबरी 1922 च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मॉरिस सॉलोमन्स वारले.