काकूंच्या कागदावरचे चार चौकोन

(सुरुवातीला फक्त आवाज. पॅडलवर चेंडू. टक्. टक्. टक्.)

न्यूयॉर्क, सेंट्रल पार्क. ऑगस्ट २०२५. हिवाळ्यात या वॉलमन रिंकवर लोक बर्फावर स्केटिंग करतात. आत्ता इथे पिकलबॉल रंगलंय. टेनिससारखाच खेळ, पण लहान कोर्टवर, पॅडलने आणि छिद्रांच्या प्लॅस्टिक चेंडूने. मेजर लीग पिकलबॉलची अंतिम लढत, न्यू जर्सी फाइव्ह्ज आणि कोलंबस स्लायडर्स.

कोर्ट नीट पाहा. २० फूट रुंद, ४४ फूट लांब. बॅडमिंटनच्या दुहेरीचं असतं तेवढंच. नेटलगतचा हा सात फुटांचा पट्टा म्हणजे किचन. त्यात उभं राहून चेंडू टप्पा न पडू देता मारायचा नाही. म्हणून तर चौघंही रेषेवर वाकून चेंडू इतका अलगद पलीकडे सोडतात.

आणि हा कागद. न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेल्या एका मराठी काकूंनी आखलेला. पेन्सिलीने चार चौकोन. महिला दुहेरी, पुरुष दुहेरी आणि दोन मिश्र दुहेरी. संघात दोन स्त्रिया, दोन पुरुष. महिला दुहेरीचा गुण पुरुष दुहेरीच्या गुणाइतकाच, हे मुद्दाम सांगायला हवं. कोण जिंकणार असं विचारलं की अजूनही आधी पुरुषांची नावं मोजली जातात, आणि अंदाज तिथेच फसतो.

न्यू जर्सीच्या पहिल्या चौकोनात काकूंची पेन्सिल थांबतच नाही. ॲना ली वॉटर्स. जन्म २००७ चा, बाराव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू, सुरुवातीला जोडीदार खुद्द आई. आज एकेरी, दुहेरी, मिश्र, तिन्हींत अव्वल. महिला दुहेरीवर बरोबरची खूण. तिच्या मिश्र दुहेरीवरही.

इथे पेन्सिल अडते. चारांपैकी एका खेळाडूच्या वाट्याला दोनच गेम. म्हणजे वॉटर्सने आपलं सगळं जिंकलं तरी गुण दोनच. जिंकायला लागणारा तिसरा बाकीच्या तिघांनी आणायचा. मिश्रच्या जोड्या लावताना खरी कसोटी तीच. दोघं तगडे एकत्र ठेवले तर एक गुण जवळपास पक्का, दुसरीकडे मात्र बाजू लंगडी. वाटून दिले तर दोन्हीकडे झुंज.

दोन-दोन झालं, की ड्रीमब्रेकर. २१ गुणांची एकेरी, पण चौघांनी आळीपाळीने खेळायची. चार रॅली झाल्या की पुढचा खेळाडू आत. सर्व्हिस कुणाचीही असो, रॅली जिंकली की गुण.

काकूंनी कागद उलटा केलाय. मागचा हिशेब बघा. समजा २१-१९ असा निकाल लागला. एकूण ४० रॅली, म्हणजे दहा पाळ्या. पहिल्या दोघांना तीन-तीन, उरलेल्या दोघांना दोन-दोन. म्हणजे चुरस वाढली की पहिल्या दोन क्रमांकांवरचे खेळाडू बारा-बारा रॅली खेळणार, बाकीचे आठ-आठ. क्रम लावणाऱ्याने ही बेरीज आधीच केलेली असते. दुहेरीत नेटजवळ राज्य करणाऱ्याला इथे अख्खं कोर्ट एकट्याने सांभाळायचं असतं, त्यामुळे अंदाज बांधायचा तर चौघांची एकेरी पाहिलेली हवी. काकूंनी पाहिली आहे. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी टिपलेलं दिसतंय.

महिला दुहेरी सुरू होतेय. या रॅलीत बोलायला नको.

(रॅली पूर्ण दाखवावी. निवेदन नाही.)

करंडक कोलंबस स्लायडर्सने नेला.

(काकूंचा चेहरा. मग हातातला कागद.)