मुकुटामागच्या पिना

(काळा पडदा. पिन उघडल्याचा बारीक 'टक्' आवाज.)

सौंदर्यस्पर्धेत विजेतीचं नाव पुकारलं जातं, टाळ्या पडतात आणि पुढच्या वीसेक सेकंदांत एक नाजूक काम उरकायचं असतं. मुकुट डोक्यावर बसवायचा, आणि तो हलता कामा नये. मुकुटाच्या दोन्ही टोकांना तारेच्या छोट्या कड्या असतात. प्रत्येक कडीतून दोन पिना जातात, एकमेकींवर फुली पडेल अशा. पण पिनांना तरी धरायला काही हवं ना! म्हणून केस बांधणारीनं दुपारीच कानांच्या वर, आतल्या थरात, दोन बारीक वेण्या घालून ठेवलेल्या असतात. वरून त्या दिसत नाहीत. कोण जिंकणार हे कुणालाच ठाऊक नसताना घातलेल्या या वेण्या. नुकत्याच धुतलेल्या मऊ केसांतून पिना निसटतात, तेव्हा न्हाणं आदल्या दिवशीच आटोपलेलं बरं.

मुकुट घालून घेताना मान वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. मान खाली गेली की मुकुट कपाळावर कलतो, आणि फोटोत कायमचा तसाच राहतो.

(शिवणयंत्र. गाऊनचा घेर.)

स्थानिक स्पर्धेत उतरणाऱ्या मुलीमागे पगारी ताफा नसतो. घरची, शेजारची, ओळखीची माणसं असतात. १९९४ साली सुश्मिता सेन मिस इंडिया झाली तेव्हा तिचे हातमोजे नव्या पायमोज्यांपासून बनवलेले होते, हे तिनंच पुढे सांगितलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथं हौसेपेक्षा मापं जास्त कामाला येतात.

गाऊनची उंची स्पर्धेत घालायचे तेच सँडल पायात घालून ठरवायची. पुढचा काठ जमिनीपासून एक ते दीड सेंटिमीटर वर हवा, मागचा टेकला तरी चालतो. उंची बेतल्यावर टाचा बदलल्या तर सगळं बिघडतं. पाच इंचांऐवजी चार इंच घातली, की तोच काठ पायाखाली येतो. पायऱ्या चढताना मांडीजवळचं कापड दोन बोटांनी किंचित उचलायचं. मुठीत धरलं तर चुण्या पडतात आणि दिव्यांत त्या स्पष्ट दिसतात.

नवे सँडल थेट मंचावर नेऊ नयेत. तीन आठवडे रोज अर्धा तास घरात वापरावेत आणि तळवे वाळूच्या कागदानं घासावेत, कारण गुळगुळीत तळवा चकचकीत मंचावर हमखास घसरतो. फोड आल्यावर पट्टी लावण्यात अर्थ नाही. कुठं घासतंय ते सरावात कळतं. तिथं पट्टी आधीच लावायची.

मेकअपची परीक्षा आरशात होत नाही. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून फोटो काढायचा. सिलिका असलेली पावडर डोळ्यांना दिसतही नाही, पण फ्लॅशचा उजेड ती परत फेकते आणि चेहऱ्यावर पांढरे डाग उमटतात. हे स्पर्धेच्या रात्री कळून उपयोग नाही.

(टेबलावर मोबाइल, पडद्यावर सेकंद पळताहेत.)

आता सगळ्यात दुर्लक्षित कागद: नियमपत्रक. शंभरांपैकी चाळीस गुण मुलाखतीला आणि वीस गाऊनला असतील, तर महिनाभर गाऊनवरच खल करणं हा शुद्ध वेडेपणा. काही स्पर्धांत शेवटच्या पाचजणींचे गुण पुन्हा शून्यापासून मोजतात, काहींत आधीचे धरतात. बरोबरी झाली तर कोणत्या फेरीचे गुण पाहणार, तेही विचारून ठेवावं. जिंकल्यानंतरचा करार मोठ्यांपैकी कुणीतरी सहीआधी वाचावा. कार्यक्रमांना किती हजेरी लावायची, प्रवासखर्च कोण देणार, फोटो कुणाचे, हे सगळं त्यातच असतं.

प्रश्नोत्तराला समजा तीस सेकंद आहेत. शांतपणे बोललं तर त्यात साधारण साठ शब्द मावतात. त्यातली सहा-सात सेकंदं प्रश्न पुन्हा म्हणण्यात गेली की उत्तराचा जीव जातो. पहिल्या वाक्यात उत्तर, मग एक कारण किंवा उदाहरण, आणि थांबायचं. सरावाला तीन माणसं पुरतात. एक अनोळखी प्रश्न विचारते, दुसरी घड्याळ धरते, तिसरी फक्त चेहरा पाहते. पाठ केलेलं उत्तर चेहऱ्यावरच पकडलं जातं; डोळे वर जातात, आठवायला.

घात मात्र बहुतेक वेळा प्रेमापोटी होतो. मावशी म्हणते हळू बोल, मित्र म्हणतो जोरात बोल, भाऊ आदल्या रात्री नवंच उत्तर सुचवतो. शेवटच्या दोन दिवसांत सूचना देणारं तोंड एकच असावं. बाकीच्यांनी इस्त्री करावी. स्पर्धकाच्या नावाचा सॅटिनचा पट्टा उलट्या बाजूनं, वर पातळ फडकं ठेवून, मंद आचेवर फिरवायचा, नाहीतर चिकटवलेली अक्षरं वितळतात.

(मंचामागची गर्दी.)

मंचामागच्या डबीत सेफ्टीपिना, दुहेरी चिकटपट्टी, गाऊनच्याच रंगाचा दोरा ओवलेली सुई, टाके उसवायचं हत्यार आणि मेणबत्तीचा तुकडा. चेन अडकली की ती वर ओढत राहतात आणि अस्तर आणखी आत जातं. आधी खाली आणायची, अस्तर आडवं ओढून सोडवायचं, दातांवर मेण घासायचं. चेन तुटलीच तर दुहेरी दोऱ्यानं मुलीसकट गाऊन शिवून टाकायचा. ती जिंको न जिंको, तेवढा वेळ टाके टिकतात.

निकालाच्या कागदाचीही अशीच आधी काळजी घ्यावी लागते. २०१५ साली लास वेगासमध्ये मिस युनिव्हर्सच्या सूत्रसंचालकानं उपविजेतीचं नाव विजेती म्हणून वाचलं. मिस कोलंबियाच्या डोक्यावर चढलेला मुकुट काही मिनिटांत काढून मिस फिलिपिन्सला द्यावा लागला. सगळी नावं एकाच कार्डावर होती. प्रत्येक क्रमांकाचं पाकीट वेगळं ठेवलं की एवढं टळतं.

(रिकामं सभागृह. आरशासमोर विजेती.)

मुकुट उतरवताना आधी पिना, मग मुकुट; उलट केलं तर केस उपटतात. चार पिना घातल्या, चार निघाल्या पाहिजेत. त्या डबीत जातात. वेण्या सुटतात. पाठीमागे उभी असलेली बाई टाके उसवायचं हत्यार हातात घेते आणि मुलीला सांगते, "हलू नकोस गं."