झोपलेला घेवडा

(दृश्य: रात्र. स्वयंपाकघराचा ओटा. ताटात काळा घेवडा ओतल्याचा आवाज.)

22 डिसेंबरची रात्र. मायामीला खेटून वसलेलं फ्लोरिडातलं हायालिया शहर. इथे दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, बसमधली भांडणं स्पॅनिश, आणि या घरातला रेडिओही स्पॅनिश. ओट्यापाशी आहेत त्या आमच्या शेजारच्या आजी. 1980 साली क्युबाच्या मारिएल बंदरातून बोटीबोटींनी जी सव्वा लाख माणसं फ्लोरिडात उतरली, त्यांतल्या एक. तेव्हा वय बावीस, हातात एक पिशवी.

परवा नोचेबुएना, म्हणजे नाताळची आदली रात्र. त्या रात्री क्युबन घरात डुक्कर भाजलं नाही तर सण झाला असं कोणी मानत नाही. आम्ही कॅमेरा घेऊन आलो ते त्या डुकरासाठी. आजी मात्र ताट पुढे ओढून घेवडा निवडताहेत. बोटांनी एकेक ओळ सारायची, खडा बाजूला, सुरकुतलेला दाणा बाजूला.

मी विचारते, "आणि मांस?"

"मांस भट्टी शिजवते," त्या म्हणतात. "घेवडा मला शिजवावा लागतो."

(दृश्य: पातेल्यात पाणी. काळे दाणे तळाला.)

अर्धा शेर म्हणा, अर्ध्या किलोला थोडा कमी म्हणा, एवढा काळा घेवडा. राजम्याचाच भाऊबंद, फक्त अंगाने लहान. चार बोटं पाणी वर राहील असा भिजत घातला, झाकण ठेवलं, त्याचं आजचं काम संपलं.

(दृश्य: लाकडी उखळी. लसणाचे दोन गड्डे.)

आता लसूण. क्युबन उखळीला पिलोन म्हणतात. दोन गड्डे सोललेला लसूण, भरड मीठ, मिरी, वाळलेला ओरेगानो आणि जिरं. जिऱ्याचा वास आला की मराठी नाक जरा चमकतं. क्युबात ते पोचलं स्पेनच्या हातून. ओरेगानोचीही एक गंमत सांगते. इंग्रजीत ज्या झाडाला क्युबन ओरेगानो म्हणतात, तो आपल्या कुंडीतला पानओवा, ज्याची आपण भजी करतो. आजी मात्र वाळलेला साधा ओरेगानोच घेतात. भजीचं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं.

लसणाचा गोळा झाला की आजी कढल्यात तेल तापवतात, आणि ते कडकडीत तेल उखळीत ओततात. चर्रर्र. आपण फोडणी पदार्थावर ओततो, तीच ही. मग त्यात कडू-आंबट संत्र्याचा रस. या फळाचं नाव नारांहा आग्रिया. स्पॅनिश नारांहा आला अरबी नारंजवरून, तो फारसी नारंगवरून, आणि त्याच्या मागे उभा आहे आपला संस्कृत नारंग. म्हणजे शब्द निघाला आपल्या बाजूने, आणि फळ 1493 मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर कॅरिबियन बेटांवर उतरलं. डुकरंही त्याच सफरीत आली. त्या बेटांवर त्यांना खाणारं मोठं जनावर नव्हतं, रानात सोडली ती भराभर वाढली. घेवडा मात्र मूळचा अमेरिकेचाच. तो कुठून आला नाही, बाकीचेच त्याच्याकडे आले.

कडू संत्रं नसेल तर दोन वाट्या संत्र्याच्या रसाला एक वाटी लिंबाचा रस. आजींना हे पटत नाही, पण बाटलीतला तयार रस त्यांना त्याहूनही पटत नाही.

या सगळ्याला म्हणतात मोहो.

(दृश्य: मांसाचा खांदा, कातडीसकट. सुरीचं टोक.)

चार किलोचा खांदा. हाड आणि कातडी दोन्ही हवीत. खांदा का? कारण हा भाग जनावर चालताना राबतो. राबणाऱ्या स्नायूंत चिवट धागे जास्त, आणि सावकाश शिजल्यावर हेच धागे विरघळून मांस मऊ, ओलसर होतं. कमरेचं मऊ मांस एवढा वेळ भाजलं तर भुसा होईल.

आजी सुरीने खोल भोकं पाडतात आणि प्रत्येकात बोटाने मोहो कोंबतात. याला कारण आहे. आंबट रस रात्रभर मुरला तरी मांसात जेमतेम काही मिलिमीटर जातो. आत खोलवर जातं ते मीठ. म्हणून किलोला दीड-दोन चहाचे चमचे मीठ आणि ही भोकं. एक मात्र पाळायचं: मोहो कातडीला लागू द्यायचा नाही. कातडी पुसून, नुसतं मीठ चोळून, वरच्या बाजूला उघडी ठेवून फ्रिजमध्ये. ओली राहिली तर ती कुरकुरीत होत नाही, चपलेसारखी होते.

माझं लहानपण म्हापशातलं. आमच्या घरात डुकराचं मांस शिजत नसे, पण भिंतीपलीकडच्या घरात नाताळला विंदालू शिजायचा तेव्हा व्हिनेगर आणि लसणाचा वास आमच्या देवघरापर्यंत यायचा. गोव्यात तो पोर्तुगिजांचा, इथे हा स्पेनचा. मला उखळीवर वाकल्यावर घरी आल्यासारखं झालं, ते त्यामुळे.

(दृश्य: 23 डिसेंबर, सकाळ. घेवडा फुगलाय, पाणी जांभळं-काळं.)

हे पाणी आजी टाकत नाहीत. काळा रंग त्यातच आहे, आणि फिका घेवडा ही इथे थट्टेची गोष्ट आहे. त्याच पाण्यात अर्धी ढोबळी मिरची आणि लॉरेलचं एक पान. दिसतं तमालपत्रासारखं, पण झाड वेगळं, वासही वेगळा. आच मोठी.

इथे दहा मिनिटं थांबते, कारण हे महत्त्वाचं आहे. राजमा आणि त्याच्या भाऊबंदांत कच्चेपणी एक विषारी प्रथिन असतं. तांबड्या राजम्यात सगळ्यात जास्त, काळ्यात कमी, पण असतं. खळखळून उकळल्याशिवाय ते मरत नाही. म्हणून निदान दहा मिनिटं जोरदार उकळी हवीच. विजेच्या स्लो कुकरमध्ये कच्चा घेवडा टाकून मंद आचेवर सोडून देणारे इथेच फसतात: दाणा मऊ होतो, पण भांडं पुरेसं तापलेलं नसतं. नंतर पोट आणि बाथरूम यांची रात्रभर गाठ. आधी गॅसवर उकळा, मग कुकरच्या हवाली करा.

उकळी झाली की आच बारीक. दीड-दोन तास.

प्रेशर कुकर आहे की घरात, मी म्हणते. आहे. क्युबात तर तो राजकारणातही आहे. 2005 च्या महिला दिनी फिदेल कास्त्रो टीव्हीवरून तासन्तास बोलले, आणि त्यातला मोठा भाग प्रेशर कुकर आणि भाताच्या कुकरबद्दल होता, ते घराघरात स्वस्तात कसे द्यायचे याबद्दल. वीज आणि इंधन वाचवायचं होतं. आजी तेव्हा इथे होत्या, पण हे ऐकून आजही हसतात. त्यांचा कुकर वरच्या फळीवर आहे. सणाला नाही, एवढंच त्या म्हणतात.

आता माझी फजिती. मागच्या वर्षी मी घरी हा घेवडा केला आणि शहाणपणा करून लिंबाचा रस सुरुवातीलाच पिळला. तीन तास शिजवला. दाणे गोट्यांसारखे. आंबट पाण्यात दाण्याची भिंत घट्ट राहते, शिजतच नाही. आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त कपाळाला हात लावला.

(दृश्य: कढई. कांदा, ढोबळी मिरची, लसूण.)

घेवडा बोटांत दाबल्यावर चिरडू लागला की सोफ्रितो. ऑलिव्ह तेलात बारीक कांदा, हिरवी ढोबळी मिरची, लसूण. कांदा लाल करायचा नाही, गळून पडू द्यायचा. जिऱ्याची पूड, ओरेगानो. मग आजी पातेल्यातून एक पळी घेवडा उचलून थेट कढईत टाकतात आणि पळीच्या पाठीने चिरडतात. हा लगदा परत पातेल्यात. रस्सा दाट होतो तो यामुळे, पीठबीठ काही नाही. वीस मिनिटं अजून. अगदी शेवटी व्हिनेगरचा एक मोठा चमचा, साखर दोन चिमटी, कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार.

चव घेऊन त्या झाकण ठेवतात. आज वाढायचा नाही. निवला की फ्रिजमध्ये. क्युबन लोक याला म्हणतात फ्रिहोलेस दोर्मिदोस, म्हणजे झोपलेला घेवडा. रात्रभरात पिठूळपणा रश्शात उतरतो, जिरं-लसूण दाण्यात शिरतात, व्हिनेगरचा तीक्ष्णपणा जातो.

(दृश्य: संध्याकाळ. आजी खुर्चीत, हातात कॉफीचा छोटा कप.)

1969 साली, आजी अकरा वर्षांच्या असताना, कास्त्रो सरकारने नाताळची सुट्टी बंद केली. कारण दिलं ऊसतोडणीचं. 1970 च्या हंगामात एक कोटी टन साखर काढायचा संकल्प होता, आणि डिसेंबरात कोयता थांबवून चालणार नव्हता. साखर निघाली सुमारे 85 लाख टन. सुट्टी परत मिळाली 1997 मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या भेटीच्या तोंडावर. मधली अठ्ठावीस वर्षं.

त्याच काळात 1971 मध्ये बेटावर आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला, आणि रोग थोपवायला सुमारे पाच लाख डुकरं मारली गेली. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तिकडून येणारं तेल आणि धान्य आटलं, तेव्हा हवानात लोक घराच्या न्हाणीघरात डुक्कर पाळू लागले. शेजाऱ्यांना ओरडा ऐकू जाऊ नये म्हणून जनावराच्या स्वरतंतूंवर सुरी चालवण्यापर्यंत गोष्ट गेली.

1962 पासून रेशनचं पुस्तक आहे, लिब्रेता. तांदूळ, घेवडा, साखर त्यावर. आजींच्या आठवणीत मांस सणाला असायचं किंवा नसायचं. घेवडा असायचा. हे समजल्यावर काल रात्री त्यांनी मला काय सांगितलं ते मला जरा जास्त कळलं.

(दृश्य: 24 डिसेंबर, सकाळी नऊ. ओव्हन.)

मागच्या अंगणात त्यांचा मुलगा काहा चिना काढतोय. लाकडी पेटी, आतून पत्रा, झाकणावर निखारे. म्हणजे विस्तव वर आणि डुक्कर खाली. त्यात अख्खं जनावर मावतं. पण तो पुरुषमंडळींचा खेळ, बिअरसकट. आपण आत राहू.

खांदा फ्रिजमधून तासभर आधी बाहेर. ओव्हन 150 अंशांवर. खोल ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या, उरलेला मोहो, वर फॉईल घट्ट. पाच ते सहा तास.

डुकराचं मांस आतून 63 अंशांना पोचलं की खायला सुरक्षित असतं. पण त्या तापमानाला ते सुटत नाही. चिवट धागे विरघळायला 70 च्या वर जावं लागतं, आणि काट्याने उकलायला 90-95 हवं. मधे एका टप्प्यावर थर्मामीटर तासभर हलत नाही. मांसाला घाम येतो, घाम उडताना उष्णता घेऊन जातो. फॉईल असेल तर हा मुक्काम लहान होतो. घाबरून आच वाढवणारे इथे मांस वाया घालवतात.

घरी ओव्हन नसेल तर मुठीएवढे तुकडे करा, जाड बुडाच्या टोपात मोहो आणि थोडं पाणी घालून झाकणाखाली मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवा, मग झाकण काढून पाणी आटवा आणि सुटलेल्या चरबीतच परता. क्युबात हाही पदार्थ आहे, उसनवारी नाही.

(दृश्य: तीन वाजले. फॉईल निघते. वाफ.)

फॉईल काढून ओव्हन 230 वर. वीस-तीस मिनिटं. कातडीवर फोड येतात, तडतडतात. इथे फोन बघायचा नाही. दोन मिनिटांत सोनेरी ते काळं होतं. नंतर अर्धा तास मांस नुसतं ठेवायचं. आजी हाड धरून ओढतात. हाड हातात येतं, त्यावर काही नाही.

(दृश्य: रात्र. लांब टेबल, सतरा माणसं.)

पांढरा भात. युका, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, उकडून, वर गरम मोहो. घेवडा भातात एकत्र शिजवला तर त्याला मोरोस इ क्रिस्तियानोस म्हणतात, मूर आणि ख्रिस्ती. मूर म्हणजे एके काळी स्पेनवर राज्य केलेले मुसलमान; घेवडा मूर, भात ख्रिस्ती. पूर्व क्युबात तांबड्या घेवड्याचा कोंग्री. आज दोन्ही नाहीत. आज भात वेगळा आणि झोपून उठलेला घेवडा वेगळा.

सगळ्यांचे फोन मांसावर. कातडी फुटल्याचा आवाज, पोरांची ओढाताण. पाऊण तासाने बघते तर ट्रेमध्ये किलोभर मांस उरलंय, उद्याच्या सँडविचला. घेवड्याचं पातेलं रिकामं, आणि एक नातू त्यात पावाचा तुकडा फिरवतोय.

आजी मला स्वयंपाकघरात बोलावतात. भाताच्या टोपाच्या तळाशी लागलेली खरवड त्यांनी उलथन्याने सोडवून ठेवलीय. इथे तिला रास्पा म्हणतात. ओट्याच्या कोपऱ्यात एक झाकलेली वाटी. त्यात दोन पळ्या घेवडा, जेवणाआधीच बाजूला काढलेला.

खरवडीवर घेवडा ओतून त्या ताटली माझ्या हातात देतात. दुसरी स्वतःला घेतात. आम्ही दोघी ओट्याला टेकून, उभ्यानेच खातो.