भूत म्हणजे नक्की कोण?

नमस्कार मंडळी, आज भुताची गोष्ट नाही सांगणार, भूत या शब्दाबद्दल बोलणारे, कारण एवढ्या चांगल्या शब्दाची आपण पार बदनामी करून टाकलीय असं मला मनापासून वाटतं.

संस्कृतात भू म्हणजे होणं, असणं. त्यावरून भूत, म्हणजे जे झालं, होऊन गेलं, जे आहे ते सगळं. म्हणून तर व्याकरणात भूतकाळ, म्हणून पंचमहाभूतं, म्हणून भूतदया. पसायदानात ज्ञानेश्वर माउली भूतांची एकमेकांशी मैत्री जडो म्हणतात ती पण हीच भूतं, म्हणजे तुम्ही-मी, गाईगुरं, सगळेच जीव. आता पिशाच्च हा अर्थ काही कालपरवाचा नाही हां, गीतेच्या नवव्या अध्यायात भूतांना पुजणारे भूतांकडे जातात असं आहेच. पण बोलताना आपण तेवढाच एक अर्थ धरून बसलो.

आणि बाकीची नावं बघा ना. जखीण म्हणजे मूळची यक्षिणी, विहिरीवरच्या साती आसरा म्हणजे अप्सरा, खवीस अरबीतून आला, तिकडे खबीस म्हणजे दुष्ट, नापाक. समंध हा तर सरळ संबंधच, इच्छा राहिली, वारस नाही, जीव गुंतलेला, असा माणूस. मला सगळ्यात जास्त कालवतं ते मुंजाचं, मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा तो, मग लोक म्हणायचे पिंपळावर राहतो, पार बांधायचे, दिवा लावायचे. कुणाचं तरी लेकरू होतं हो ते, त्याला विसरायचं नव्हतं म्हणून ते सगळं, आणि आपण त्याच्या नावानं पोरांना भीती घालतो.

ही भीती नुसती गोष्टीत राहिली असती तरी चाललं असतं, पण भूत उतरवायचं म्हणून आजारी बाईला साखळीनं बांधणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं हे आपल्याकडे चालत आलंय. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात हा गुन्हा आहे, तोही अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही, कोर्टानं दिला तरच. तेव्हा असं कुठं चाललेलं दिसलं तर गप्प बसू नका, पोलिसात कळवा, आणि त्या बाईला आधी डॉक्टरकडे न्या.