बॉनेटखालची गोधडी

नमस्कार श्रोतेहो. आज गाडीबद्दल बोलणार आहे, पण ॲव्हरेज किती देते, हप्ता किती पडतो, त्यातलं काही नाही. बॉनेट उघडलंत की वरच्या पत्र्याला आतून एक काळी, नमद्यासारखी जाड चादर क्लिपांनी लावलेली दिसते बघा, तिच्याबद्दल. कंपनीत तिला हूड लाइनर म्हणतात, नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्याकडे गेलात तर बॉनेट इन्सुलेशन म्हणून मागायचं, आणि मी तिला गोधडी म्हणते. कारण बावीस वर्षं मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये हीच चादर बनवत होते. जुन्या कापडाच्या चिंध्या पिंजून केलेला नमदा यायचा आमच्याकडे, शॉडी म्हणतात त्याला, त्यात रेझिन मिसळलेलं असायचं, तो तापलेल्या डायमध्ये दाबला की बॉनेटच्या आकाराचा कडक तुकडा बाहेर, मग आम्ही बायका कडा कापायचो, भोकं पाडायचो, आणि पुढे तो चाकणच्या रस्त्याला लागायचा. म्हणजे आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची तेच काम, सुईदोऱ्याच्या जागी प्रेस. काही गाड्यांत काचतंतूंची असते, काहींत फोमची, कुणाला वरून चांदीसारखा ॲल्युमिनियमचा कागद असतो. काम मात्र सगळ्यांचं एकच.

काय काम? दोन शब्द लक्षात ठेवा. आवाज आणि गरमी. इंजिनाचा आवाज पिऊन टाकायचा आणि इंजिनाची गरमी बॉनेटच्या रंगापर्यंत पोचू द्यायची नाही. आवाज आणि गरमी. हे खोलात सांगतेच, पण आधी एक गोष्ट सांगते, ती ऐकली की बाकीचं आपोआप कळेल.

२०१८ सालची गोष्ट. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, ऐन उन्हाळा. आईने रोज ३३ फुलवाती देवापुढे लावायचा नेम धरलेला. आई दुपारी ओसरीवर बसून वाती वळायची, तुपात भिजवायची आणि डब्यात भरून कोनाड्यात ठेवायची. आमचं माहेर सदाशिव पेठेतल्या वाड्यात, आणि दादाची डिझेल गाडी वाड्याच्या चौकातच उभी. तर एक दिवस आई म्हणाली, वाती कमी भरतायत. आईला मोतीबिंदू, दिसायला कमी, पण मोजायला पक्की. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी. तिसऱ्या दिवशी दादाच्या मुलाला बोलणी बसली, तू खेळायला घेतल्यास म्हणून. तो बिचारा रडून सांगतोय मी हात नाही लावला, पण सात वर्षांच्या पोराचं ऐकतंय कोण.

मग रविवारी आम्ही वाईला निघालो. धाकट्या बहिणीचं सासर वाईचं, जावयाला अधिक मासाचं वाण द्यायचं, ३३ अनारसे. माझ्या नवऱ्याचं वाण आदल्या दिवशीच झालेलं. आता अनारशांचा विषय निघालाच आहे तर सांगते, हल्ली दुकानात ते साखरेचे पांढरेफटक अनारसे मिळतात ते मला अजिबात पटत नाहीत, अनारसा गुळाचाच, तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, आणि तुपातच तळलेला. आईचे तसेच होते. डबा डिकीत. दादा चालवतोय, आई पुढे, मी आणि वहिनी मागे.

शिरवळ गेलं, खंडाळा गेलं, खंबाटकीचा चढ लागला. गाडीला ओढ मिळावी म्हणून दादाने एसी बंद केला आणि बाहेरची हवा चालू केली. आणि गाडीत वास यायला लागला. तुपाचा. कढवलेल्या तुपाचा. वहिनी म्हणाली, अनारशांचा वास सुटलाय छान. मला पण आधी तेच वाटलं. दोन वळणं गेली, आणि आई एकदम म्हणाली, "कुठं आरती चाललीय का रे? निरांजन विझल्यावर येतो तसला वास आहे हा."

मी मागून दादाला ओरडले, गाडी बाजूला घे. डिकीतल्या डब्याचा वास पुढच्या जाळीतून कसा येईल? जागा मिळाली तिथे त्याने घेतली, बघतो तर बॉनेटच्या फटीतून बारीक धुराची रेघ. दादा उतरला तो सरळ बॉनेट उघडायला निघाला. मी त्याचा हात धरला. श्रोतेहो, हे नीट ऐका, परत सांगते, हे नीट ऐका. बॉनेटखाली आग असेल असा संशय आला तर बॉनेट झटकन उघडायचं नाही. आतल्या आगीला हवा कमी असते, तुम्ही उघडलं की तिला भरपूर हवा मिळते आणि भडका थेट तोंडावर येतो. इंजिन बंद करायचं, सगळ्यांनी उतरायचं, गाडीपासून लांब उभं राहायचं, आणि धूर वाढत असेल तर फायर ब्रिगेडला फोन. आम्ही आईला हाताला धरून कठड्याच्या बाजूला लांब नेऊन उभं केलं. धूर कमी झाला, मग थांबला. त्यानंतरही आम्ही चांगली पंधरा मिनिटं तसेच उभे. आई जप करत होती.

मग उघडलं. काय बघतो, लाइनरच्या पुढच्या बाजूच्या दोन क्लिपा उंदराने कुरतडलेल्या, चादर तेवढीच खाली लोंबतेय, आणि त्या झोळीत उंदराचं घरटं. वर्तमानपत्राचे कपटे, लाइनरचाच पिंजलेला कापूस, आणि आईच्या फुलवाती. तुपातल्या. पन्नासएक तरी असतील. त्यातल्या काही घाटाच्या चढाला हलून खाली एक्झॉस्टजवळ पडलेल्या, काळ्या ठिक्कर, त्यांचाच तो धूर. आणि लाइनरवर काय झालं होतं? तळहाताएवढा तपकिरी डाग. बास. पेटला नव्हता. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच, कारण आमच्या वर्कशॉपमध्ये मी स्वतः ती टेस्ट करायचे, नमद्याच्या पट्टीला ज्योत लावायची, ज्योत बाजूला केली की पट्टी आपोआप विझली पाहिजे, नाही विझली तर ती लॉट परत. कागद होता, कापूस होता, तूप होतं, आणि माझ्यासारख्याच कुणा बाईने कापलेली ती चादर पेटली नाही.

वाती वेचून काढल्या, पुढे सुरूर फाट्यावर एक मेकॅनिक मिळाला, त्याने सगळं साफ केलं, वायरी तपासल्या, आणि मी आईला पाणी द्यायला वळले तेवढ्यात लाइनर खसकन ओढून काढून टाकला. म्हणे, "काय उपेग न्हाय त्येचा ताई, उलट इंजिन तापतंय त्येच्यानं." दादालाही ते पटलं. जेवायची वेळ झालेली, मी वाद घातला नाही. वाईला पोचल्यावर आईने पहिलं काय केलं असेल तर पुण्याला फोन लावून नातवाला सांगितलं, बाळा, माझं चुकलं, तुझ्यासाठी पाच अनारसे काढून ठेवलेत.

आणि गोष्ट इथे संपत नाही. आई दादाची गाडी आवाजावरून ओळखायची. दिसायचं कमी, त्यामुळे संध्याकाळी ओसरीवर बसलेली असायची, गाडी बोळात वळली की आत सांगायची, आला गं, पानं घ्या. वाईहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी दादा ऑफिसमधून आला आणि आई विचारते, "कुणाचा टेम्पो आला गं चौकात?" रोज तेच. आठवडाभर टेम्पो. दादाला आत बसून फरक जाणवत नव्हता, म्हणजे जाणवत असणार पण कबूल करत नव्हता, आईच्या कानाला मात्र लगेच कळलं. शेवटी मी नाना पेठेतून त्या मॉडेलचा लाइनर आणला, नव्या क्लिपा आणल्या, रविवारी सकाळी इंजिन गार असताना अर्ध्या तासात स्वतः लावला. सोमवारी संध्याकाळी आई म्हणाली, आला वाटतं, पानं घ्या.

तर आवाज. बॉनेटचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, आणि उघड्या पत्र्याखाली डिझेल इंजिन म्हणजे पत्र्याच्या शेडवर पाऊस. रिकाम्या फ्लॅटमध्ये बोललं की घुमतं आणि गाद्या, पडदे आले की घुमणं थांबतं, हे सगळ्यांनी अनुभवलंय, इथेही तेच. आवाज नमद्याच्या धाग्यांत शिरतो, तिथे घासून घासून जिरतो. टकटक, खडखड असला बारीक आवाज चांगला जिरतो, खालचा घुमणारा आवाज तितका नाही. म्हणून बऱ्याच मॉडेलांत डिझेलला लाइनर देतात आणि त्याच गाडीच्या पेट्रोलला देत नाहीत. मला हे आवडत नाही, स्पष्ट सांगते. डॅशबोर्डवर एवढाली स्क्रीन देता आणि बॉनेटखाली एक नमदा द्यायला हात आखडता? आवाज काय फक्त आत बसलेल्यालाच असतो? आपल्या वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची एआरएआय आहे, म्हणजे गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था, तिथे गाड्यांच्या आवाजाचं मोठं काम चालतं. गाडी बाहेर किती आवाज करते त्याची टेस्ट असते, गाडी वेगात जाते आणि दोन्ही बाजूंना साडेसात मीटरवर माइक लावलेले असतात. म्हणजे रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या कानाचा विचार कायद्याने केलाय. आपण मात्र लक्ष्मी रोडला सिग्नल हिरवा व्हायच्या आत हॉर्न वाजवतो, तो बंद केला तर निम्मं पुणे शांत होईल असं माझं ठाम मत आहे.

आणि गरमी. मेकॅनिक म्हणाला इंजिन तापतं, ते चूक. इंजिनाची गरमी कूलंट आणि रेडिएटर बाहेर काढतात, कूलंट साधारण नव्वद डिग्रीच्या आसपास ठेवायचं काम थर्मोस्टॅट आणि फॅनचं. गाडी तापत असेल तर कूलंट बघा, फॅन बघा, लाइनरवर राग काढू नका. उलट घाट चढून गाडी बंद केली की आत हवा फिरत नाही, सगळी धग वर बॉनेटकडे येते, आणि वरून आपलं एप्रिल-मेचं ऊन असतंच. रोज तापायचं, रोज गार व्हायचं, असं वर्षानुवर्षं झालं की रंगाचं तेज जातं. लाइनर मध्ये असला की रंगाला ते कमी सोसावं लागतं. आवाज आणि गरमी, म्हटलं ना.

आता सांभाळायचं कसं ते पटकन. प्रेशरचं पाणी लाइनरवर मारू देऊ नका, नमदा पाणी पितो, जड होतो, लोंबतो, आणि लोंबलेला भाग बेल्टला किंवा गरम पाइपला लागला तर नसतं संकट. इंजिनावर डिझेल मारून धुणारे असतात त्यांना सरळ नाही म्हणा, डिझेल प्यायलेला किंवा ऑइलने माखलेला लाइनर म्हणजे काकडाच, तो धुवून वापरायचा नाही, बदलायचा. घरातलं जुनं पांघरूण, थर्माकोल, पॅकिंगचा फोम असलं काही तिथे चिकटवू नका, मी गोधडी म्हणते ती लाडाने, घरातली गोधडी पेट घेते. लाइनर त्याच मॉडेलचा घ्या, म्हणजे वायपरच्या पाण्याची नळी जिथून जाते तिथे खाच बरोबर येते. क्लिप तुटली की तेवढी एक क्लिप बदला, दहा-वीस रुपयांचं काम, पण लोक वर्षभर तसेच फिरतात.

आणि उंदीर. तंबाखूची पानं ठेवतात, डांबराच्या गोळ्या ठेवतात, माझ्या अनुभवात आठ दिवस फरक पडतो, मग उंदीर सरावतो. गाडीजवळ खायचं काही ठेवू नका, गाडी दिवसेंदिवस एका जागी उभी ठेवू नका, आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. आईने त्या दिवसापासून वातींचा डबा स्टीलचा केला, घट्ट झाकणाचा. नमस्कार.